फ्यूजपेटीबाहेरचा दोष

‘दोष’ हा शब्द मराठीत दोन क्रियापदांबरोबर येतो. आपण दोष शोधतो आणि आपण दोष देतो. पहिल्या वाक्यात दोष म्हणजे बिघाड, उणीव. दुसऱ्यात दोष म्हणजे ठपका. शब्द एकच असल्यामुळे की काय, एकातून दुसऱ्यात आपण कधी शिरलो हे आपल्या ध्यानातही येत नाही. तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालेल्या आणि वीस-पंचवीस वर्षे मुलांना ‘आधी विचार करा, मग उत्तर लिहा’ असे बजावत आलेल्या माझ्यासारख्या माणसाच्याही ते ध्यानात आले नाही. ते यायला एक जुनी मोटारगाडी, एक उतरलेली बॅटरी आणि एका मुलावर माझ्या हातून झालेला अन्याय, एवढे सगळे लागले. त्याची ही हकिकत, आणि त्यातून निघालेला प्रश्न.

आमच्या अंगणात एक फियाट उभी असते. कागदोपत्री ती १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी. पण बेळगावात त्या गाडीला पद्मिनी म्हणून कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. फियाट ती फियाटच. वडिलांनी ती १९८३ साली एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून विकत घेतली. १०८९ सी. सी. चे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, आणि दार लावताना येणारा तो भरदार आवाज. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोपाचे लेख वाहिले. आमची अजून चालते. वडील गेल्यावर ती विकायला मन होईना, म्हणून मी ती शाळेला जाण्यायेण्यासाठी वापरू लागलो. शाळा घरापासून अकरा किलोमीटर.

२०१७ च्या पावसाळ्यात तिने एक खोड धरली. दर सोमवारी सकाळी किल्ली फिरवली की इंजिनाऐवजी ‘टक्’ असा एकच आवाज यायचा. मंगळवार ते शनिवार गाडी कुरकुरत का होईना, सुरू व्हायची. सोमवारी मात्र नाही. शेजारच्या दोघांना हाका मारायच्या, धक्का मारून गाडी सुरू करायची आणि प्रार्थना संपल्यावर चोरासारखे शाळेत शिरायचे, हा माझा क्रम झाला. उशिरा येणाऱ्या मुलांना व्हरांड्यात उभे करणाऱ्या मुख्याध्यापकाला हा क्रम किती सुखाचा होता ते सांगायला नको.

रविवारी आमच्याकडे एक मुलगा गाडी धुवायला येई. एकोणीस वर्षांचा, आमच्याच शाळेतून दहावी झालेला आणि तेव्हा आय. टी. आय. मध्ये इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम करणारा. गल्लीतल्या चार घरच्या गाड्या धुवून तो आपला वरखर्च भागवीत असे. गाडी आतून पुसायची म्हणून किल्ली त्याच्याकडे असायची, आणि गाडीत वडिलांनी हौसेने बसवून घेतलेला रेडिओ होता. ह्यापुढचे अनुमान करायला तर्कशास्त्राची पदवी लागत नाही. रविवारी मुलगा येतो, सोमवारी बॅटरी उतरलेली असते. मुलगा रेडिओ ऐकत बसत असणार, किंवा दार नीट न लावल्यामुळे आतला दिवा रात्रभर जळत असणार.

मी त्याला विचारले. विचारले म्हणणे खोटे आहे. मी त्याला सांगितले. तो म्हणाला, “न्हाई सर. रेडिओला हात लावत न्हाई मी.” मग थोडा थांबून म्हणाला, “सर, शनिवारी रात्री बॅटरीची वायर काढून ठेवूया का? सोमवारी गाडी चालू झाली तर कुठंतरी लीकेज हाय म्हणून कळतंय. न्हाईतर बॅटरीच गेलीया.”

मी म्हणालो, “मला शिकवतोस?”

ते वाक्य मला आजही ऐकू येते. त्याने सुचवलेली चाचणी अगदी बरोबर होती. मी ती केली असती तर तिला पाच मिनिटे आणि एक पाना लागला असता. पण त्या क्षणी मला त्याच्या बोलण्यात चाचणी ऐकू आली नाही, पळवाट ऐकू आली. पुढच्या रविवारी तो आला नाही. शेजाऱ्यांनी कारण विचारले तेव्हा मी ते सांगून टाकले. एका घराने त्याला बंद केले, मग दुसऱ्याने. मुख्याध्यापकाच्या शब्दाला गल्लीत वजन असते. ते कुणावर पडते हे पाहण्याची जबाबदारीही त्याचीच असते, हे त्या दिवसांत माझ्या लक्षात आले नाही.

आता गंमत पाहा. मुलगा येईनासा झाल्यानंतरच्या सोमवारीही गाडी सुरू झाली नाही. माझा सिद्धान्त खरा असता तर ती सुरू व्हायला हवी होती. पण मनात घट्ट बसलेला संशय असा एका सोमवारने उठत नाही. मी मनाशी म्हणालो, त्याने काहीतरी बिघडवून ठेवले असणार. मग एका गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला, १३.९ व्होल्ट दाखवले, ‘चार्जिंग ओके’ असा निकाल दिला आणि बॅटरी बदलायला सांगितले. सप्टेंबरात नवी बॅटरी बसवली आणि गाडी सोमवारीही सुरू होऊ लागली. झाले! मुलगा गेला आणि रोग गेला. मी हे पत्नीला दोनदा ऐकवले. ती काही बोलली नाही. तिला तो मुलगा आवडत असे.

नोव्हेंबरात, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, पहिल्याच सोमवारी पुन्हा ‘टक्’.

माझ्या अनुमानात काय चुकले होते ते आपल्याकडच्या न्यायशास्त्राने शतकांपूर्वी सांगून ठेवले आहे, आणि मी ते शिकलेलो होतो. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे अनुमान बरोबर, पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. अग्नीला धूर येतो तो ओल्या लाकडाचा संबंध आला तर. ह्या लपून बसलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हे उदाहरण आहे आणि बी. ए. च्या वर्गात आम्ही ते घोकले होते. माझ्या प्रकरणातली उपाधी होती रविवार. रविवारी मुलगा येई हे खरे; पण रविवारी गाडी दिवसभर उभी राही हेही तितकेच खरे. मुलाचे येणे आणि बॅटरीचे उतरणे ही दोन्ही सुट्टीची अपत्ये होती. त्यांचे एकमेकांशी नाते लावून दिले मी.

दुसरी चूक सप्टेंबरातली. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पाच पद्धती सांगितल्या. त्यांतली भेदाची पद्धत आपल्याकडच्या व्यतिरेकाच्या जवळची आहे: बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट काढा, परिणाम नाहीसा झाला तर ती त्याचे कारण किंवा कारणाचा भाग. पण ‘एकच’ ह्या शब्दावर सगळा डोलारा उभा आहे. मी मुलगा काढला, बॅटरीही बदलली, आणि श्रेय फक्त पहिल्याला दिले. नव्या बॅटरीची धारणशक्ती शाबूत असल्यामुळे ती रविवारची तूट निभावून नेत होती, एवढाच त्याचा अर्थ होता. परीक्षेत मुलाने असे उत्तर लिहिले असते तर मी त्याला शून्य दिले असते.

शेवटी डिसेंबरात खानापूर रोडवरच्या एका वृद्ध मिस्त्रींना घरी बोलावले. त्यांनी जे केले ते मी बाजूला उभा राहून पाहिले. तत्त्वज्ञानाचा इतका चांगला तास मी कधी घेतलेला नाही.

त्यांनी आधी बॅटरी पूर्ण भरून आणायला लावली. इंजिन बंद, किल्ली बाहेर. चांगली भरलेली बारा व्होल्टची बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, कारण तिच्यात सहा घरे असतात आणि प्रत्येकाचे दोन व्होल्टांहून थोडे अधिक. १२.२ च्या आसपास आली तर ती निम्मी रिकामी समजायची. आमची १२.६ वर होती. मग त्यांनी ऋण टर्मिनलची तार सोडवली आणि ती तार व टर्मिनल यांच्यामध्ये काट्याचा मीटर जोडला. आता बॅटरीतून बाहेर पडणारा सगळा प्रवाह त्या मीटरमधूनच जायला हवा. “किल्लीला हात लावू नका सर,” त्यांनी मला बजावले. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर खेचतो, आणि हा मीटर दहाचा.

काट्याने एक अँपिअर दाखवला. गाडी बंद, दिवे बंद, आणि एक अँपिअर! मी डोकावून पाहिले तर दार उघडे असल्यामुळे आतला दिवा लागलेला. मी ओरडलो, “सापडला!” मिस्त्रींनी शांतपणे दाराच्या चौकटीतले बटण बोटाने दाबून धरले. दिवा विझला. काटा ०.६ वर आला.

“दार आपण उघडलाव म्हणून लागलंय ते, सर. ह्ये आपलं हाय, गाडीचं न्हवं.”

तपासणाऱ्याच्या हातून जो बदल झाला तो आधी वजा करायचा. इतकी साधी गोष्ट, पण चौकशी करणाऱ्या किती माणसांना ती जमते? आम्ही मुलाला केबिनमध्ये बोलावतो, तो घाबरून चाचरतो, आणि त्याचे चाचरणे हाच आम्ही पुरावा धरतो. दार आपणच उघडलेले असते.

राहिले ०.६ अँपिअर. आकडा लहान दिसतो. पण दिवसाचे चोवीस तास धरले तर चौदाहून अधिक अँपिअर-तास होतात, आणि माझी बॅटरी चाळीस अँपिअर-तासांची. शनिवारी दुपारी साडेबाराला शाळेतून आलेली गाडी सोमवारी सकाळी साडेआठपर्यंत उभी राहते ते तास होतात चव्वेचाळीस. म्हणजे सव्वीस अँपिअर-तास गेले. नवी बॅटरी हे कसेबसे सोसते, जुनी सोसत नाही. इतर दिवशी रात्रीची गळती जातायेतानाच्या अकरा-अकरा किलोमीटरांत जेमतेम भरून निघे. सोमवारचे कोडे इथेच सुटले. त्यात माणूस कुठेच नव्हता, नुसता गुणाकार होता.

पण गळती कुठून? मिस्त्रींनी फ्यूजपेटी उघडली आणि एकेक फ्यूज काढायला सुरुवात केली. एक काढायचा, काट्याकडे बघायचे, परत जागी बसवायचा, मग पुढचा. हॉर्न, वायपर, पुढचे दिवे, मागचे दिवे. काटा ढिम्म. रेडिओचा फ्यूज काढताना मी पुढे सरकलो. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला आशा वाटत होती. गळती रेडिओत निघाली तर निदान माझ्या संशयाला काहीतरी आधार मिळेल, अशी ती क्षुद्र आशा होती. मिस्त्रींनी फ्यूज काढला. काटा हलला नाही.

मग त्यांनी सगळेच फ्यूज काढून बॉनेटवर रांगेत मांडले. काटा ०.६ वरच.

“सगळे काढलो सर. काटा तिथंच हाय. म्हंजे माल पेटीत न्हाईच.”

मला वाटत होते की गाडीतली प्रत्येक तार फ्यूजपेटीतून जाते. तसे नसते. ह्या जुन्या गाड्यांत दिवे, हॉर्न, वायपर ही सगळी खाणारी मंडळी पेटीत असतात. बॅटरी भरण्याचे जे यंत्र, त्याची जाड तार पेटीला बगल देऊन थेट जाते. मूळच्या डायनामोच्या जागी वडिलांनी पुढे अल्टरनेटर बसवून घेतला होता. मिस्त्रींनी पान्याने त्याची जाड तार सोडवली. काटा शून्यावर पडला.

अल्टरनेटर उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो. डायोड नावाचे एकमार्गी दरवाजे तिला एका दिशेची करून बॅटरीकडे पाठवतात, आणि इंजिन बंद असताना बॅटरीतली वीज मागे फिरू देत नाहीत. डायनामोच्या काळात हेच राखणदारीचे काम कटआउट करी. आमच्या अल्टरनेटरच्या डायोडांच्या प्लेटमध्ये गळती सुरू झाली होती. दिवसा तो बॅटरी भरत होता, म्हणून गॅरेजवाल्याने त्याला ‘ओके’ चे प्रमाणपत्र दिले. रात्री तोच ती हळूहळू रिकामी करीत होता.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, “जो भरतंय त्योच रातचं पितंय म्हणून कोण म्हणणार सर?”

मी त्यांना पैसे दिले, चहा दिला, आणि ते गेल्यावर बराच वेळ त्या उघड्या बॉनेटपाशी उभा राहिलो. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी निबंधाच्या तासाला शंभर वेळा फळ्यावर लिहिली असेल. पण ह्या गोष्टीत चोरही नव्हता. अल्टरनेटरने चोरी केली नव्हती. तो झिजला होता. मिस्त्री त्याच्यावर रागावले नाहीत. त्यांनी दोष शोधला आणि कुणाला दिला नाही. मी दोष दिला आणि शोधलाच नाही. कारण, दोष आणि अपराध ह्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रत्येक परिणामाला कारण असते. प्रत्येक कारण हा दोष नसतो. रविवार हा काही दोष नव्हे. आणि प्रत्येक दोषामागे अपराधी नसतो. आपण मात्र खालून चढत जाण्याऐवजी थेट तिसरी पायरी गाठतो, आणि मग वरून खाली कारण शोधत येतो.

इथपर्यंतचा बोध कोणीही काढील. मला जो प्रश्न त्यानंतर छळू लागला तो वेगळा आहे. फ्यूज काढून पाहण्याची ही पद्धत माणसांना लावावी का?

आपण ती सर्रास लावतो. काही बिघडले की एकेकाला बाजूला काढून बघतो. ह्याला निलंबित करा, त्याची बदली करा, तिला वर्गप्रमुखपदावरून काढा. फरक पडतो का पाहू. चौकशीपुरतेच, म्हणतो. पण फ्यूज आणि माणूस यांत एक मोठा भेद आहे. फ्यूज काढून पुन्हा खोबणीत बसवला तर त्याला काही झालेले नसते. आपल्याला काढले होते हे तो विसरतो, कारण त्याला ते कधी कळलेलेच नसते. माणूस काढून परत बसवता येत नाही. तो निर्दोष ठरला तरी तो तोच राहिलेला नसतो, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेतही नाही. यंत्राच्या बाबतीत चाचणी आणि शिक्षा वेगळ्या असतात. माणसाच्या बाबतीत चाचणी हीच अनेकदा निम्मी शिक्षा असते, आणि ती निकालाआधीच भोगून झालेली असते.

मग चौकशी करूच नये काय? तसे म्हणता येत नाही. शाळेत पैसे हरवतात, लहान मुलाला कोणी मारते. तिथे ‘संशय घेणे वाईट’ म्हणून गप्प बसणारा मुख्याध्यापक ज्याचे पैसे गेले आणि ज्याला मार बसला त्यांच्यावर अन्याय करतो. तेव्हा प्रश्न चौकशीच्या क्रमाचा आहे. मला वाटते, ज्याची तपासणी केल्याने दुसऱ्या कोणाला इजा होत नाही, तिथून सुरुवात करावी. अशी जागा जगात एकच आहे, ती म्हणजे आपण स्वतः. आपण स्वतःला तपासले आणि निर्दोष निघालो तर कोणाचे काय गेले? फार तर आपली पाच मिनिटे. दुसऱ्याला तपासले आणि तो निर्दोष निघाला तर ते नुकसान कोण भरून देणार?

आत्मपरीक्षण करा, असे संत सांगतात आणि परिपाठाच्या वेळी आम्हीही सांगतो. पण ते सांगताना आपण असे सुचवतो की पाप बहुधा आपल्यातच असेल. माझे म्हणणे तसे नाही. पाप कदाचित आपल्यात मुळीच नसेल. तरीही सुरुवात तिथून करावी, कारण ती चाचणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपद्रवी आहे. हा नम्रतेचा उपदेश नव्हे, हा हिशेब आहे.

आणि दुसरे कारण त्या जाड तारेचे. अधिकारावर बसलेला माणूस फ्यूजपेटीत नसतो. शाळेतली चौकशी कोण ठरवतो? मी. यादी कोण करतो? मी. त्या यादीत शिक्षक असतात, शिपाई असतो, मुले असतात, पालक असतात. यादी करणाराचे नाव नसते. लबाडीमुळे नसते असे नाही. तो भरणारा आहे, देणारा आहे, अशीच सर्वांची आणि त्याची स्वतःची समजूत असते. बाप घराला देतो, गुरुजी शाळेला देतात, पुढारी समाजाला देतो. देणाराच्या हातून गळती होत असेल हे कोणाच्या मनातही येत नाही, आणि दिवसा मीटर लावला तर तो ‘ओके’ च दाखवतो.

एक अनुभव सांगतो. शनिवारच्या सकाळच्या शाळेला खेड्यांवरची मुले वर्षभर दहा-पंधरा मिनिटे उशिरा येत. मी त्यांना उभे केले, डायरीत शेरे लिहिले, पालकांना बोलावले. फियाटच्या प्रकरणानंतर मी एका शनिवारी बसथांब्यावर जाऊन उभा राहिलो. तिकडची पहिली बस सात चाळीसला येत होती. शाळेची वेळ साडेसात. ती मी ठरवलेली होती. वेळ पावणेआठ केली आणि उशिरा येणारी मुले एकाएकी सद्गुणी झाली.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. आमच्या सीमाभागात मराठी शाळांच्या घटत्या पटाविषयी आम्ही दरवर्षी सभा घेतो. सरकारचे भाषाधोरण, शिक्षकांच्या रिकाम्या जागा, इंग्रजी शाळांची झगमग, असे एकेक कारण काढून बघतो. त्यांतली कारणे खोटी नाहीत. त्या तारांतही गळती आहे आणि तिच्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण मराठी शाळेचा मी मुख्याध्यापक, आणि माझी मुलगी पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकली. तिच्या भवितव्याचा विचार करून मी ते ठरवले, आणि तो निर्णय चूक होता असे मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. एवढेच सांगतो की अशा किती सभांत मी भाषण केले, आणि ही तार एकदाही सोडवून पाहिली नाही.

इथे एक धोका आहे. ‘सगळा दोष माझाच’ असे म्हणून छाती बडवणे हीसुद्धा शोध थांबवण्याची एक युक्ती आहे. त्यात रडण्याचे समाधान मिळते आणि मीटर लावण्याचे कष्ट वाचतात. मिस्त्रींनी अल्टरनेटरची तार काढली ती तो गुन्हेगार आहे अशी खात्री होती म्हणून नव्हे. काटा हलतो का ते पाहण्यासाठी काढली. काटा हलला नसता तर ते स्टार्टरकडे वळले असते. स्वतःची तपासणीही अशीच कोरडी असावी. माझा कोणता निर्णय ह्यात गुंतला आहे? तो बदलला तर फरक पडतो का? पडत नसेल तर पुढची तार.

आता त्या मुलाविषयी. दोष डिसेंबरात सापडला. त्याच्या घरी मी गेलो मार्चमध्ये. मधल्या तीन महिन्यांत मी स्वतःला पुष्कळ कारणे दिली: परीक्षा, तपासणी, दहावीचे जादा तास. बॅटरी उतरलेली तशीच फार दिवस ठेवली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक कडक होत जातात. मग कितीही चार्जिंग केले तरी ते विरघळत नाहीत. पूर्वीची धारणशक्ती परत येत नाही. मिस्त्रींनी मला हे सांगितले होते. तरी मी तीन महिने घेतले.

तो घरी होता. मी म्हणालो, “माझं चुकलं. दोष गाडीतच होता.” तो म्हणाला, “असू दे की सर.” मग त्याने विचारले, “काय निघालं सर, लीकेजच?” मी अल्टरनेटरचे सांगितले. सगळे फ्यूज काढूनही काटा हलला नाही हे ऐकताना त्याचे डोळे क्षणभर चमकले. “म्हंजे फ्यूजच्या भायेरचं,” तो म्हणाला. मी म्हणालो, “हो. तू म्हणालास तशी शनिवारी वायर काढून ठेवली असती तर तेव्हाच कळलं असतं.” त्यावर तो काही बोलला नाही. त्याच्या बहिणीने चहा आणून दिला. आई आतल्या खोलीत होती. तिची चाहूल लागत होती. ती बाहेर आली नाही.

परत येताना मी त्या दोन्ही घरी गेलो आणि झाला प्रकार सांगितला. एक जण हसून म्हणाले, “अहो सर, आम्ही तर ते विसरूनसुद्धा गेलो होतो.” ते विसरले होते, पण त्याला परत बोलावले नव्हते. कारण विसरले जाते, परिणाम तसाच राहतो.

अल्टरनेटरची प्लेट बदलल्यापासून गाडी सोमवारीही पहिल्या किल्लीला सुरू होते. तो मुलगा पुढे एका कारखान्यात नोकरीला लागला. रस्त्यात भेटला की थांबतो, नमस्कार करतो. गाडी मी स्वतःच धुतो. शाळेत कसलीही चौकशी निघाली की पहिल्या कागदावर, कोणाचे नाव लिहिण्याआधी, ह्या प्रकरणाशी संबंधित असे माझे हुकूम कोणते ते लिहून काढतो. बहुतेक वेळा तिथे काही सापडत नाही. पाच मिनिटे जातात, इतकेच. त्याची आई मात्र अजून माझ्याशी बोललेली नाही.